परवान्यावर ३०३, नळीत ३१५: शिराळा तालुक्यातल्या एका शिकारी रायफलीची ओळख

शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यातलं एक जुनं शेतकरी घर. घरातले कर्ते आबा वारले. दिवसकार्य उरकलं आणि थोरल्या मुलाने, अण्णांनी, माळ्यावरच्या पेटीतली रायफल काढून सांगलीतल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की ते हत्यार घरात ठेवायचा अधिकारही संपतो. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आपल्याकडे ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ म्हणत बंदूक पेटीतच राहते आणि पुढे तिच्यापायी सगळं घर अडकतं. अण्णांनी ते टाळलं.

अडचण निघाली ती वारसाचा अर्ज भरताना. आबांच्या शेवटच्या परवाना-पुस्तिकेत हत्याराचं वर्णन होतं: ‘रायफल, .३०३ बोअर, बी.एस.ए.’ आणि पुढे क्रमांक. बोअर म्हणजे नळीचं आतलं माप. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात .३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या, किंवा त्या मापाची लष्करी काडतुसं ज्यांच्यात बसतात आणि उडतात अशा बोल्ट-ॲक्शन (दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या) रायफली प्रतिबंधित वर्गात आहेत. प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, तो विषय केंद्र सरकारचा. म्हणजे पुस्तिकेतले तीन आकडे खरे असतील तर अण्णांचा अर्ज सांगलीत निकालीच निघणार नव्हता. आणि वडिलांकडे ती इतकी वर्षं कशी होती, हा प्रश्न वेगळाच उभा राहणार होता.

मी जुनी हत्यारं ओळखून देतो. मला बोलावलं ते एवढ्यासाठी: ही रायफल नक्की कुठली, किती बोअरची आणि साधारण कधीची, ते लेखी सांगा.

घरात तीन मतं

हत्यार पाहण्याआधी मी घरच्यांना बोलू देतो. मात्र जे सांगतात ते वेगळ्या कागदावर लिहितो आणि तो कागद बाजूला ठेवतो.

आबांच्या धाकट्या बहिणीने, आक्कांनी, सांगितलं ते असं. ‘प्लेगच्या साली आमच्या आज्यानं वाघ मारला. साहेबानं खूश होऊन बंदूक बक्षीस दिली. तीच ही.’ प्लेगचं साल म्हणजे १८९७ च्या आसपासचं. वाघ-बिबटे मारल्याबद्दल इंग्रज सरकार इनाम देत असे, हेही खरं. त्यामुळे गोष्ट उडवून लावण्यासारखी नव्हती.

फौजेतून निवृत्त झालेले चुलते ठाम होते. ‘थ्री नॉट थ्रीच हाय. मी चालवलीया. बोल्ट बघा, मॅगझिन बघा, आन् काय पायजे?’

पुण्यात नोकरीला असलेला नातू म्हणाला, ‘शंभर वर्षांची आहे ना काका? मग ती अँटिक झाली. परवाना कशाला हवा? हॉलमध्ये भिंतीवर लावू.’ त्याने दस्त्याजवळच्या लोखंडावर थोडा पॉलिश पेपरही मारून ठेवला होता. जुन्या हत्याराचं याहून मोठं नुकसान कुठलंच नाही. गंज थांबवायला तेलाचा हात पुरतो. पॉलिश पेपरने गंजाबरोबर शिक्केही जातात, आणि रायफलीची सगळी कुंडली त्या शिक्क्यांतच असते. इथे सुदैवाने महत्त्वाची जागा वाचली होती.

लोखंड काय सांगतं

विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्यासमोरच रायफल टेबलावर घेतली. पहिलं काम बोल्ट मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुकीत काडतूस निघाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

लांबून पाहिलं तर चुलत्यांचं म्हणणं कुणालाही पटावं. मागच्या टोकाला कड्या असलेला ली जातीचा बोल्ट, तोच खाली वळलेला दांडा, चापापुढे लोंबणारी मॅगझिनची पेटी. पण लष्करी ली-एन्फील्डचं, म्हणजे फौजेतल्या .३०३ रायफलीचं, लाकूड नळीच्या टोकापर्यंत जातं आणि तिला संगीन लावायची सोय असते. हिचं लाकूड अर्ध्या नळीवरच थांबत होतं. मॅगझिन पाच काडतुसांचं, फौजी रायफलीचं दहांचं असतं. नळी सडपातळ, मुठीवर बारीक चौकड्यांचं नक्षीकाम, मागचा नेम फौजी सरकत्या शिडीचा नाही, तर उभ्या करायच्या पात्यांचा, आणि पुढे बारीक माशी.

यावरून लगेच निकाल देता येत नाही. फौजेतून निघालेल्या रायफलींचं लाकूड कापून त्यांना शिकारी रूप देण्याचा धंदा जगभर चालला. तेव्हा प्रश्न असा, की ही जन्मापासून शिकारी, की फौजेतून आलेली?

त्याचं उत्तर दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी सांगाडा) जिथे जुळतात त्या लोखंडी पट्ट्यावर मिळतं. सरकारी ली-एन्फील्ड असेल तर तिथे उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली राजा-राणीची अक्षरं (व्ही.आर., ई.आर. किंवा जी.आर.), कारखान्याचं नाव, साल आणि मार्क असतो. शिवाय अंगभर कुठे ना कुठे बाणाच्या टोकासारखी सरकारी मालकीची खूण दिसते. सरकारने ती विकून टाकलेली असेल तर टोकाला टोक लावलेले दोन बाण. पट्ट्यावर टॉर्च तिरपा धरला, चिमूटभर टाल्कम पावडर चोळून फडक्याने पुसली. मुकुट नाही, साल नाही, बाण नाही. होत्या त्या तिकाटण्यासारख्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. हा बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसएचा छाप. ही कंपनी १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन काढली. सरकारला रायफली पुरवता पुरवता त्याच यंत्रांवर ती शिकाऱ्यांसाठी नागरी रायफलीही करू लागली. ॲक्शनवर बारीक अक्षरांत ‘ली-स्पीड पेटंट्स’ असंही होतं. ली म्हणजे बोल्ट आणि मॅगझिनची मूळ रचना करणारे जेम्स पॅरिस ली. स्पीड म्हणजे तिच्यात सुधारणा करणारे एन्फील्ड कारखान्यातले जोसेफ स्पीड. या नावाच्या रायफली नागरी बाजारात विकल्या जात.

बोल्टवरचा आणि ॲक्शनवरचा क्रमांक एकच निघाला, पुस्तिकेतलाही तोच. म्हणजे तुकडे जोडून केलेलं हत्यार नाही, आणि कागदावरची रायफल ती हीच.

वय ठरवायला नळीच्या मुळाशी जावं लागतं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची स्थापना १८१३ च्या कायद्याने झाली. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहत. टिकली तर शिक्का. हे शिक्के कायद्याप्रमाणे बदलत गेले, म्हणून ते कालगणनेला उपयोगी पडतात. १९०४ च्या आधी बर्मिंगहॅमचा शिक्का म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि मुकुट. १९०४ पासून मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि धूरहीन दारूच्या चाचणीसाठी एन.पी. अशी अक्षरं आली. आमच्या नळीच्या डाव्या अंगाला, लाकडाच्या काठालगत, गंजाखाली मुकुट आणि ‘एन.पी.’ स्वच्छ वाचता आलं. शेजारी कॉर्डाइटचं, म्हणजे धूरहीन दारूचं, वजन ग्रेनमध्ये आणि गोळीचं कमाल वजन. ही वजनं लिहायची पद्धत १९५४ च्या नव्या प्रूफ नियमांनी मोडली. त्यानंतर चौरस इंचावरचा दाब टनांत लिहू लागले. इथे टन कुठेच नव्हते.

म्हणजे १९०४ ते १९५४. पल्ला मोठा होता. तो आक्रसला नळीच्या माथ्यावरच्या कोरीव ओळीने. ही ओळ इतकी झिजली होती की समोरून नुसता चरा दिसायचा. रायफल खिडकीच्या उजेडात आडवी धरून हळूहळू फिरवली तेव्हा एकेक अक्षर उठलं. आधी ‘आर्मी’, मग मधला मोकळा भाग, मग ‘नेव्ही’, आणि शेवटी एकापुढे एक टिंबं दिलेली तीन अक्षरं: सी. एस. एल. मला हवी होती ती हीच तीन.

आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड हे लंडनच्या फौजी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये काढलेलं सहकारी भांडार. साबणापासून तंबूपर्यंत सगळं विकणारं. त्याची मुंबईची शाखा १८९१ मध्ये सुरू झाली. बंदुका ते स्वतः बनवत नसत. बीएसएसारख्यांकडून घेऊन त्यावर आपलं नाव कोरत. १९३४ मध्ये कंपनीचं नाव आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड झालं आणि ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ गळाली. तेव्हा नळीवर ‘सी.एस.एल.’ असेल तर विक्री १९३४ च्या आधीची धरता येते. १९०४ ते १९३४.

आणखी एक खूण मी शोधली, ती सापडली नाही. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने १९२१ पासून वर्षाचं सांकेतिक अक्षर मारायला सुरुवात केली. ते मिळालं असतं तर नेमकं साल हाती लागलं असतं. ते नाही म्हणून रायफल १९२१ पूर्वीची, असं काही जण छातीठोक लिहून देतात. मी देत नाही. लाकडाखाली, गंजाखाली, पॉलिशखाली शिक्का जाऊ शकतो. दिसलेल्या शिक्क्यावर तारीख बांधावी, न दिसलेल्यावर बांधू नये.

दस्ता मात्र मूळचा नव्हता. पुढचं लाकूड अक्रोडाचं, दस्त्याचं शिसवी. नक्षी तशीच करायचा प्रयत्न, पण चौकड्या हाताने पाडलेल्या आणि जरा जाडसर. सांध्याला पितळी पट्टी. आक्का म्हणाल्या, ‘दस्ता मिरजंला करून आणलेला, आबांच्या वडलांनी.’ हे पटण्यासारखं आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे, दुरुस्त करणारे. तलवारीचं काम आटल्यावर त्यांतली काही घराणी सतारी-तंबोरे घडवू लागली आणि आज मिरज त्याच नावाने ओळखली जाते. बोअरच्या प्रकरणात याचा काही उपयोग नाही, पण अहवालात मी तो दस्ता ‘स्थानिक दुरुस्ती, जुनी’ असा नोंदवला. उद्या कुणी त्या शिसवीवरून रायफलच हिंदुस्थानात बनली म्हणायला नको.

बोअर

आता मुख्य मुद्दा. बीएसएने ली-स्पीड रायफली .३०३ मध्येही केल्या, हे चुलत्यांच्या बाजूचं. तेव्हा छाप पाहून बोअर ठरत नाही, ते मोजावंच लागतं.

विक्रेत्याच्या कारागिराने नळीला तेल लावून मऊ शिशाची गोळी लाकडी दांड्याने हलक्या हाताने तिच्यातून पार केली. शिसं नळीच्या खाचांत दबतं आणि आतलं खरं माप घेऊन बाहेर येतं. .३०३ च्या नळीत खाचांपाशी माप सुमारे ७.९ मिमी भरतं. आमची गोळी ८.२ च्या घरात आली. मग चेंबर. .३०३ च्या काडतुसाची पितळी नळकांडी ५६ मिमी लांब असते, .३१५ ची ५० मिमी. चेंबरचा गंधकाचा साचा घेतला तो आखूड निघाला. .३०३ चं काडतूस यात पुरतं बसूच शकत नाही. नियमातली भाषा ‘ज्यात बसतं आणि उडतं’ अशी असल्याने हे मोजमाप नळीच्या मापापेक्षाही महत्त्वाचं होतं.

थोडक्यात, रायफल .३१५ बोअरची. आपल्याकडे जिला सगळे थ्री फिफ्टीन म्हणतात तीच. हे माप मूळ ऑस्ट्रियाच्या आठ मिमी मानलिखर काडतुसाचं. हिंदुस्थानात ते रुजलं त्याचं कारण राजकीय आहे. .३०३ हे फौजेचं काडतूस, ते नागरिकांच्या रायफलीत चालू नये, म्हणजे छावणीतून चोरलेला दारूगोळा बाहेर निरुपयोगी ठरेल, असं सरकारचं धोरण. याच भीतीपोटी १९०७ मध्ये .४५० बोअरच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली होती, कारण सरहद्दीवर जुन्या फौजी मार्टिनी-हेन्री रायफली फिरत होत्या आणि त्यांना त्या मापाच्या गोळ्या हव्या होत्या. त्यामुळे विलायती कारखान्यांनी हिंदी गिऱ्हाइकासाठी फौजी नसलेली मापं पुढे आणली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी कारखान्यांनीही नागरिकांसाठी .३१५ च बनवली. चुलत्यांच्या थ्री नॉट थ्रीची ही सख्खी बहीण, फक्त घसा वेगळा.

चुलते थोडे नाराज झाले. मग त्यांनीच पेटीतला काडतुसांचा डबा आणायला सांगितलं. त्यात बहुतेक काडतुसं .३१५ ची, काही काइनॉक कंपनीची आणि काही बुडाशी ‘के.एफ.’ असलेली, म्हणजे पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची. त्यांतच एक लांब काडतूस वेगळं निघालं. बुडावर के.एफ. आणि सालाचे दोन आकडे. शिकारी काडतुसांवर सहसा साल नसतं, फौजी काडतुसांवर असतं. हे .३०३ होतं, कधीतरी कुणीतरी आठवण म्हणून घरी आणलेलं. कुणी, ते मी विचारलं नाही. विक्रेत्यामार्फत ते पोलिसांकडे लेखी जमा केलं. ज्या बोअरचा परवाना नाही त्याचं एक काडतूसही घरात ठेवू नये.

कागद

मग .३१५ चं .३०३ झालं कुठे? आबांच्या कपाटात जुन्या पुस्तिका एका फडक्यात बांधलेल्या होत्या. त्या उलट्या क्रमाने वाचल्या.

शेवटच्या दोन पुस्तिकांत .३०३. त्याआधीच्या पुस्तिकेच्या शिक्क्यात जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’. हे नाव दिसलं की कागदाचं वय आपोआप ठरतं. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि पटवर्धनांच्या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ मध्ये हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली असं नामकरण झालं. म्हणजे ही पुस्तिका त्या अकरा वर्षांतली. तिच्यात बोअरच्या रकान्यात ‘३१५’ असं होतं, पण निळी शाई ओल धरून पसरलेली. पाचाचं पोट फुगून तिनासारखं झालेलं, एकाचा आकडा पार पुसट. नवी पुस्तिका करताना नकलणाऱ्याने ‘३’, डाग, ‘३’ असं वाचलं असणार आणि मधल्या जागी शून्य घातला असणार. थ्री नॉट थ्री हे नाव तर सगळ्यांच्या तोंडात बसलेलं. पुढच्या नूतनीकरणात कुणी हत्याराकडे पाहिलं नाही, मागच्या पानाकडे पाहिलं.

त्याच्याही आधीची पुस्तिका सातारा जिल्ह्याची, १८७८ च्या शस्त्र कायद्याखालची. तिच्यात रायफलीची पहिली नोंद १९२६ ची, .३१५ बोअर, क्रमांक तोच. त्याच पानावर वरच्या ओळीत आणखी एक हत्यार होतं, आडवी रेघ मारून कमी केलेलं: ‘एस.बी.एम.एल.’ एकनळी ठासणीची बंदूक.

इथे आक्कांची गोष्ट कामाला आली. फडक्यात मोडी लिपीतला एक चिठोरा होता, शके १८१९ चा, म्हणजे इसवी सन १८९७-९८. त्यात ठासणीची एक बंदूक अण्णांच्या पणजोबांच्या स्वाधीन केल्याचा मजकूर होता. वाघाचा उल्लेख नाही, बक्षिसाचाही नाही, पण साल जुळत होतं. प्लेगच्या सालची बंदूक खरीच होती. ती ही नव्हे. ठासणीची गेली, रायफल आली, घरातली जागा तीच राहिली आणि गोष्ट एका हत्यारावरून दुसऱ्यावर सरकली. असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. म्हणून कौटुंबिक आठवण खोटी ठरवण्याआधी ती कुठल्या वस्तूची आहे हे शोधावं.

आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग वाघ कशानं मारला म्हणायचा?’ ठासणीच्या बंदुकीने म्हटल्यावर त्यांना आज्याचा जास्तच अभिमान वाटला. एक बार उडाला की पुन्हा दारू ठासून, टोपी बसवून दुसरा बार भरायचा, समोर वाघ.

अहवाल आणि पुढे

मी लिहून दिलं ते असं: बीएसए बनावटीची ली-स्पीड जातीची नागरी शिकारी रायफल, विक्रेता आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी, बर्मिंगहॅम प्रूफ, बोअर .३१५, चेंबर .३०३ स्वीकारत नाही, निर्मिती १९०४ नंतरची आणि १९२६ पूर्वीची, दस्ता नंतरचा. महायुद्धाच्या वर्षांत बीएसए सरकारी रायफलींच्या कामात बुडालेली होती, म्हणून १९१४ ते १९१८ मधली शक्यता कमी, एवढं एक वाक्य मताच्या रकान्यात. आर्मी अँड नेव्हीच्या बंदूक-विक्रीच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. क्रमांकावरून तिथे विक्रीचं साल मिळू शकतं, म्हणून अण्णांनी तिथे पत्र पाठवलं आहे.

परवान्याच्या कामाला त्या सालाची गरज नाही. साचा, शिशाची गोळी, शिक्क्यांचे फोटो आणि दक्षिण सातारच्या पुस्तिकेची प्रत जोडून बोअरच्या दुरुस्तीचा अर्ज वारसाच्या अर्जाबरोबरच दिला. २०१६ च्या नियमांतल्या नियम २५ प्रमाणे वारसाला परवाना मिळू शकतो. इतर वारसांचं ना-हरकत आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आबांना हयातीतही हे करता आलं असतं. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की त्याला वारस सुचवता येतो. खेड्यापाड्यांत ही तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते.

नातवाचा भिंतीचा बेत बारगळला. कायद्याच्या कलम ४५ मधली सूट मिळायची तर हत्यार जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं असून चालणार नाही, ते दुरुस्त करूनही उडवता येऊ नये अशा अवस्थेत हवं. या रायफलीचा बोल्ट अजून तेलावर फिरल्यासारखा फिरतो आणि तिची काडतुसं खडकीला बनत आली आहेत. शंभर वर्षं झाल्याने ती खेळणं होत नाही.

आणखी एक गोष्ट अण्णांच्या कानावर घातली. अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. चांदोलीचं जंगल त्यांच्या शिवारापासून जवळ आहे. शिकार त्याच कायद्याने बंद झाली आणि तेव्हापासून ही रायफल पेटीतून निघाली ती तेलपाण्यापुरती. उसात डुकरं आणि गवे येतातच. त्यांच्यासाठी अण्णांनी झटका मशीनचं कुंपण घातलंय. पोलीस पडताळणी होऊन अर्ज पुढे गेला आहे. रायफल अजून विक्रेत्याकडेच आहे, बोअरच्या रकान्यात .३१५ लिहिलेल्या पावतीवर.